घरच्या संगणकाचा बॅकअप : प्रत काढण्यापासून प्रणाली पुन्हा उभी करण्यापर्यंत

घरातील संगणक बिघडला की नुकसान दोन प्रकारचे होते. पहिले लगेच ध्यानात येते. छायाचित्रे, हिशेब, पत्रव्यवहार, मुलांचे प्रकल्प, घरजमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असे सारे गेल्याची ती हळहळ असते. दुसरे नुकसान संगणक दुरुस्त होऊन घरी परतल्यावर कळू लागते. फाइली हाती असतात, पण त्या उघडणारे सॉफ्टवेअर नसते. प्रिंटर जोडलेला असतो, पण कागदावर काही उमटत नाही. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. वर्षानुवर्षे बसवत आणलेली घडी विस्कटलेली असते आणि ती पुन्हा बसवण्यात कित्येक दिवस जातात.

पहिल्या नुकसानीवर फाइलींचा बॅकअप हा उपाय आहे, तर दुसऱ्यावर कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा बॅकअप. या दोहोंत गल्लत झाली की बॅकअप असूनही तो ऐन वेळी उपयोगी पडत नाही. शिवाय प्रत काढणे हे निम्मेच काम असते. त्या प्रतीतून संगणक पुन्हा उभा राहतो याची खात्री करणे हे उरलेले निम्मे, आणि बहुतेक घरांत तेच राहून जाते.

हा विषय सध्या अधिक महत्त्वाचा ठरतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या जुन्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न अनेक घरांपुढे आहे. विंडोज ११ वर जायचे असो, लिनक्स बसवायचे असो वा नवी डिस्क घालायची असो, आधीच्या स्थितीत परतण्याची वाट उघडी ठेवूनच पहिले पाऊल टाकावे.

डिस्कवर कार्यप्रणाली कोठे असते?

संगणकात एकच डिस्क दिसत असली, तरी तिचे बहुधा अनेक भाग पाडलेले असतात. गेल्या दहा-बारा वर्षांतील विंडोज संगणकात आरंभी एक लहानसा लपलेला ईएफआय विभाग असतो. संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, याच विभागात राहतो. त्यानंतर विंडोजचा मुख्य विभाग, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा ‘सी ड्राइव्ह’, येतो आणि बहुधा दुरुस्तीसाठीचा आणखी एक लपलेला विभाग असतो. त्याहून जुन्या संगणकांत सुरुवातीची सूचना डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या खणात लिहिलेली असे.

बटण दाबले की मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम बूटलोडर शोधते आणि बूटलोडर मग विंडोजचा गाभा स्मृतीत चढवतो. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी संगणक सुरू होत नाही. सी ड्राइव्हमधील सारे फोल्डर निवडून बाहेरच्या डिस्कवर चिकटवले, की संगणकाची प्रत झाली, अशी समजूत आढळते. ती तीन कारणांनी चुकीची आहे. ईएफआय विभाग त्या नकलेत येतच नाही. विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फाइली कुलूपबंद असतात, त्यांची साधी नक्कल होत नाही. शिवाय कोणती फाइल कोणाला वाचता यावी याची परवानगीची नोंद अशा नकलेत जशीच्या तशी उतरत नाही.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. एखादा प्रोग्रॅम केवळ त्याच्या फोल्डरात राहत नाही. त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, सामायिक फाइलींत आणि वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर जपून ठेवले, तरी नव्या विंडोजवर त्यातील बहुतेक प्रोग्रॅम चालत नाहीत.

मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये झाले. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतच साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही. जुन्या स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, लग्नपत्रिकांचे नमुने, अप्रकाशित हस्तलिखिते या स्वरूपात आजही अनेक संगणकांत पडून आहेत. कार्यप्रणाली नव्याने बसवताना असे फॉन्ट, त्यांचे कळफलक आणि त्यांचे सॉफ्टवेअर सर्वांत आधी हरवते, कारण ते ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नसते.

चार मार्ग, चार वेगळी कामे

‘बॅकअप’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या सोयी येतात. त्यांतील प्रत्येकीचा उपयोग आणि मर्यादा ठाऊक असाव्यात.

पहिली सोय ‘रिस्टोर पॉइंट’ची. विंडोजमध्ये ती २००० साली विंडोज मी या आवृत्तीपासून आली. नवे ड्रायव्हर वा अद्यतन बसवण्यापूर्वी विंडोज आपल्या फाइलींची आणि रजिस्ट्रीची नोंद करून ठेवते. काही बिनसले तर त्या क्षणाकडे परतता येते. वैयक्तिक फाइलींना त्यात हात लागत नाही. मात्र ही नोंद त्याच डिस्कवर असते. डिस्क निकामी झाली की नोंदही जाते. काही संगणकांत ही सोय मुळात बंद असते, म्हणून ‘सिस्टम प्रोटेक्शन’ चालू आहे का, ते एकदा पाहून ठेवावे.

दुसरी सोय ‘रिसेट’ची. ती २०१२ मधील विंडोज ८ पासून मिळाली. विंडोज स्वतःला नव्याने बसवून घेते. वैयक्तिक फाइली ठेवण्याचा पर्याय निवडता येतो, पण आपण बसवलेले सॉफ्टवेअर काढून टाकले जाते. म्हणजे संगणक चालू होतो, मात्र घडी नव्याने बसवावी लागते.

तिसरी सोय ‘सिस्टम इमेज’ची. सर्व आवश्यक विभागांचे, लपलेल्या विभागांसह, एका क्षणाचे संपूर्ण चित्र एका मोठ्या फाइलीत साठवले जाते. तिच्यातून कार्यप्रणाली, सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटर आणि सेटिंग्ज जशीच्या तशी परत येतात.

चौथी सोय ‘क्लोन’ची. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली जाते आणि ती डिस्क संगणकात घालून थेट चालू करता येते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताना हा मार्ग सोयीचा ठरतो. मात्र एका डिस्कवर एकच क्लोन मावतो. इमेज मात्र एकाच बाह्य डिस्कवर निरनिराळ्या तारखांच्या अनेक ठेवता येतात. क्लोन झाल्यावर मूळ आणि नक्कल अशा दोन्ही डिस्क जोडून संगणक सुरू करू नये. दोन्हींचा ओळखक्रमांक एकच असल्याने विंडोज गोंधळते.

घरच्या वापरासाठी नियमित बॅकअप म्हणून इमेज, किरकोळ बिघाडासाठी रिस्टोर पॉइंट आणि रोजच्या कामासाठी फाइलींची वेगळी प्रत, अशी तिहेरी व्यवस्था पुरेशी ठरते.

प्रत काढण्यापूर्वीची तयारी

प्रथम सी ड्राइव्हवर किती जागा व्यापली आहे ते पाहावे. बाह्य डिस्क त्या जागेच्या निदान दुप्पट क्षमतेची असावी, म्हणजे दोन पिढ्यांच्या इमेज तीवर राहू शकतील. विंडोजच्या स्वतःच्या साधनासाठी ती डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली लागते.

त्यानंतर डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत साधने डिस्कने स्वतःविषयी केलेल्या नोंदी वाचून दाखवतात. डिस्क मरणपंथाला लागल्याची चिन्हे असतील, तर इमेजच्या मागे न लागता आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात. आजारी डिस्कवर तासन्‌तास वाचनाचा ताण टाकणे तिचा शेवट जवळ आणू शकते.

डिस्क सुस्थितीत असेल तर दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. कार्यप्रणाली सुरूच होत नसेल, तेव्हा इमेज वाचणार कोण, याचे उत्तर म्हणजे हा पेन ड्राइव्ह. विंडोजमध्ये ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ या नावाने तो बनवता येतो. त्यासाठी किमान १६ जीबीचा, आणि शक्यतो ३२ जीबीचा, रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा, कारण त्यावरील जुने सारे पुसले जाते. इमेज दुसऱ्या कंपनीच्या साधनाने काढणार असाल, तर त्याच साधनाचा बचाव-पेन ड्राइव्ह वेगळा करावा लागतो. एकाची इमेज दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही.

शेवटी किल्ल्या गोळा कराव्यात. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाचे कुलूप आपोआप लागलेले असते. मालकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या वेळी संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर आतील माहिती मिळण्याचा मार्ग बंद होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. दुरुस्ती तशी एक सदोष फाइल पुसण्यापुरतीच होती. पण ज्या यंत्रांना बिटलॉकरचे कुलूप होते, तेथे आधी ही की शोधण्याची वेळ आली. घरच्या संगणकाची की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. ती पाहून कागदावर उतरवावी आणि तो कागद संगणकाच्या पिशवीत न ठेवता कपाटात ठेवावा. सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांकही त्याच कागदावर लिहावेत.

प्रत्यक्ष प्रत काढताना

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ येथे जाऊन ‘क्रिएट अ सिस्टम इमेज’ हा पर्याय निवडावा. नाव जुने असले तरी सोय चालते. बाह्य डिस्क निवडली की आवश्यक विभागांवर आपोआप खूण झालेली असते, ती काढू नये. शंभर जीबी माहिती यूएसबी ३ जोडणीच्या हार्ड डिस्कवर जायला साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. जुन्या यूएसबी २ जोडणीवर हाच वेळ दीड तासाच्याही पुढे जाऊ शकतो. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा आणि झोपी जाण्याची सेटिंग तेवढ्यापुरती बंद ठेवावी.

काम संपल्यावर बाह्य डिस्कवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचे फोल्डर दिसते. त्याचे नाव बदलू नये आणि ते दुसऱ्या फोल्डरात हलवू नये. पुनर्स्थापनेच्या वेळी विंडोज ते ठरावीक नावाने डिस्कच्या सर्वांत वरच्या पातळीवरच शोधते. व्यवस्थितपणाच्या भरात ‘जुना बॅकअप’ नावाच्या फोल्डरात सरकवलेली इमेज ऐन वेळी सापडत नाही.

हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून पुढे विकसित करणे थांबवले असून इतर साधने वापरण्याचा सल्ला दिला आहे. ते आज चालते, पण त्यावर एकट्यावर विसंबणे योग्य नाही. तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला हे मुक्त साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हींची इमेज काढते. ते पेन ड्राइव्हवरून चालते, त्यामुळे मूळ कार्यप्रणाली झोपलेली असतानाच प्रत निघते. त्याचे रूप साधे, अक्षरी आहे. ज्यांना खिडक्या आणि बटणे हवीत त्यांच्यासाठी त्याच पायावर उभे असलेले रेस्क्यूझिला सोपे जाते.

मॅक संगणकांत टाइम मशीन ही सोय ऑक्टोबर २००७ मधील लेपर्ड आवृत्तीपासून आहे. बाह्य डिस्क जोडली की ती ताशी, दैनिक आणि साप्ताहिक प्रती आपणहून ठेवते. मात्र २०२० मधील बिग सर आवृत्तीपासून मॅकची कार्यप्रणाली स्वतंत्र, मोहोरबंद विभागात असते. टाइम मशीन वापरकर्त्याच्या फाइली, ॲप आणि सेटिंग्ज जपते. कार्यप्रणाली मात्र रिकव्हरीतून नव्याने बसवून मग ‘मायग्रेशन असिस्टंट’ने बाकीचे परत आणायचे असते. म्हणून मॅकच्या पुनर्स्थापनेला इंटरनेट किंवा आधी तयार केलेला इन्स्टॉलर पेन ड्राइव्ह लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांत टाइमशिफ्ट लोकप्रिय आहे आणि लिनक्स मिंटमध्ये ते आधीच असते. त्याचे काम विंडोजच्या रिस्टोर पॉइंटसारखे, म्हणजे कार्यप्रणाली मागे नेण्याचे आहे. मूळ सेटिंगमध्ये ते वापरकर्त्याचे ‘होम’ फोल्डर वगळते. टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून आपली कागदपत्रेही सुरक्षित आहेत, असा समज करून घेतल्यास पुढे पश्चात्ताप होतो. जाणकारांच्या हातातील ‘डीडी’ ही आज्ञा संपूर्ण डिस्कची नक्कल करते. तीत मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोणतीही विचारणा न करता मूळ डिस्क पुसली जाते. नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

प्रणाली पुन्हा उभी करताना

इमेज डिस्कवर उतरवली की त्या डिस्कवरील सध्याचे सारे पुसले जाते. इमेज मार्चमधील असेल, तर संगणक मार्चमध्ये परत जातो आणि त्यानंतर सी ड्राइव्हवर लिहिलेले काहीही उरत नाही. म्हणून डिस्क अजून वाचता येत असेल, तर सर्वप्रथम नंतरच्या फाइली बाहेर काढाव्यात. विंडोज सुरू होत नसली, तरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घेता येतात. मात्र बिटलॉकरचे कुलूप असेल तर येथेही तीच ४८ अंकी की लागते.

त्यानंतर लक्ष्य डिस्क सोडून बाकीच्या सर्व डिस्क काढून ठेवाव्यात. फक्त दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह आणि इमेज असलेली बाह्य डिस्क जोडावी. संगणक सुरू होतानाच बूट मेनूची कळ दाबावी. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९, एस्केप अशी वेगवेगळी असू शकते. त्यातून पेन ड्राइव्ह निवडावा. मेनूत एकाच पेन ड्राइव्हची यूईएफआय आणि साधी अशी दोन नावे दिसली, तर मूळ संगणक ज्या पद्धतीने चालत होता तीच निवडावी. नव्या संगणकांत ती बहुधा यूईएफआय असते. येथे चूक झाली तर विंडोजचे साधन इमेज उतरवण्यास नकार देते.

पुढे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या मार्गाने ‘सिस्टम इमेज रिकव्हरी’पर्यंत जाता येते. विंडोज सर्वांत ताजी इमेज स्वतः सुचवते, हवी असल्यास जुनी निवडता येते. विभाग नव्याने पाडण्याच्या पर्यायावर खूण करण्यापूर्वी थांबावे. त्याच डिस्कवर ‘डी ड्राइव्ह’ असेल आणि इमेजमध्ये तो नसेल, तर तोही जातो. नवी डिस्क घातली असेल तर ती मूळ डिस्कइतकी किंवा मोठी हवी. मूळ ५०० जीबीची डिस्क निम्मी रिकामी असली, तरी २५० जीबीच्या एसएसडीवर विंडोजचे साधन ती इमेज उतरवत नाही. अशा वेळी आधी विभाग आक्रसून मग वेगळे साधन वापरावे लागते.

काम चालू असताना वीज जाणे हा सर्वांत मोठा धोका. अर्धवट उतरलेली इमेज चालत नाही आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसताना डेस्कटॉपसाठी यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

इमेज उतरल्यावर संगणक सुरू होतो तो त्या तारखेच्या सुरक्षा-स्थितीत. म्हणून प्रथम विंडोजची आणि ब्राउझरची अद्यतने घ्यावीत, मग बँकेचे वा ई-मेलचे व्यवहार सुरू करावेत. त्याच संगणकावर इमेज उतरवली तर परवान्याची अडचण सहसा येत नाही. मदरबोर्ड बदलला असेल किंवा इमेज दुसऱ्याच संगणकावर उतरवली असेल, तर ड्रायव्हर जुळत नाहीत आणि विंडोजचा डिजिटल परवाना पुन्हा मागितला जाण्याची शक्यता असते. इमेज मूलतः त्याच यंत्रासाठी असते. वेगळ्या यंत्रावर जाताना कार्यप्रणाली नव्याने बसवून फाइलींच्या प्रतीतून माहिती आणणे अधिक सुरक्षित.

विंडोजच्या मोठ्या आवृत्तीबदलानंतर ‘गो बॅक’ ही सोयही मिळते, पण तिची मुदत साधारणपणे दहा दिवसांची असते. त्यानंतर ‘विंडोज.ओल्ड’ हे जुने फोल्डर पुसले जाते. अकराव्या दिवशी प्रिंटर चालत नाही हे लक्षात आले, तर परतीचा मार्ग आधी काढलेल्या इमेजमधूनच असतो.

न तपासलेली प्रत

बॅकअप असूनही नसल्यासारखा कसा ठरतो, याचे बोलके उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःच जगापुढे मांडले. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देऊन मुख्य डेटाबेसचे सुमारे ३०० जीबीचे फोल्डर पुसायला लावले. कंपनीकडे बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. शोध घेतला तेव्हा रोजचा स्वयंचलित बॅकअप आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे निघतच नव्हता असे आढळले, आणि तो निघत नसल्याची सूचना देणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

तज्ज्ञांच्या कंपनीत जे घडते ते घरीही घडू शकते. घरच्या वापरकर्त्याने तीन पातळ्यांवर तपासणी करावी. पहिली अगदी सोपी आहे. इमेजच्या फोल्डरातील व्हीएचडीएक्स फाइल विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून, केवळ वाचण्यापुरती, जोडावी आणि आतील दोन-चार कागदपत्रे उघडून पाहावीत. दुसरी तपासणी वर्षातून एकदा करावी. दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून इमेज सापडल्याचे पडद्यावर दिसेपर्यंत जावे आणि तेथून रद्द करून परतावे. एवढ्याने पेन ड्राइव्ह चालतो, बूट मेनूची कळ माहीत आहे आणि इमेज योग्य जागी आहे, या तीन गोष्टींची खात्री होते. तिसरी तपासणी ज्यांना शक्य असेल त्यांनी करावी. सुट्या एसएसडीवर इमेज उतरवून, ती संगणकात घालून, मराठी दस्तऐवज उघडणे आणि एक पान छापणे, येथवर सारे करून पाहावे. मूळ डिस्क तोवर बाहेर सुरक्षित असते. पुनर्स्थापना होते की नाही, याचा निःसंशय पुरावा हाच.

प्रती किती आणि कोठे?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना मांडलेला ३-२-१ हा नियम आज सर्वत्र मानला जातो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. घरच्या भाषेत सांगायचे, तर एक संगणकात, एक बाह्य डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर. आग, चोरी, पुराचे पाणी किंवा वीज पडणे यांतून संगणक आणि शेजारच्या खणातील डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात. त्याला घराबाहेरची प्रत हाच उपाय.

गूगल ड्राइव्ह वा वनड्राइव्हवर फाइली आपोआप जुळत राहतात, हे सोयीचे आहे, पण तो पूर्ण बॅकअप नव्हे. संगणकावर फाइल पुसली की थोड्याच वेळात ती तेथूनही पुसली जाते. कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या मर्यादित काळच राहतात. आणि कार्यप्रणाली तर तेथे नसतेच.

बाह्य डिस्क कायम जोडून ठेवणेही धोक्याचे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद केल्या आणि रिस्टोर पॉइंट ज्यांवर उभे असतात त्या नोंदीही पुसल्या. प्रत काढून झाली की डिस्क सुरक्षितपणे काढून कपाटात ठेवावी. आदल्या दोन इमेज तरी जपाव्यात. विषाणू शिरल्यानंतर काढलेल्या इमेजमध्ये विषाणूही असतो, आणि तेव्हा त्याआधीची इमेजच कामी येते.

कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे चांगले. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता दीर्घ काळ राहिलेल्या एसएसडीतील माहिती हळूहळू विरू शकते. हार्ड डिस्कही काही महिन्यांनी जोडून फिरती करावी.

वेळापत्रक साधे असावे, म्हणजे ते पाळले जाते. फाइलींची प्रत आठवड्याला, सिस्टम इमेज दर तीन महिन्यांनी आणि याखेरीज विंडोजची मोठी आवृत्ती बदलण्यापूर्वी, नवी डिस्क घालण्यापूर्वी किंवा संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी. डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. किल्ल्यांच्या कागदावर पुनर्स्थापनेच्या पायऱ्याही आपल्या शब्दांत लिहून ठेवाव्यात, म्हणजे संगणकाची जुळवाजुळव करणारी व्यक्ती घरी नसली तरी बाकीच्यांचे अडणार नाही.